वीस तासांचा आठवडा : अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमधील सरावमर्यादा आणि प्रशिक्षकावरील दडपण

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये हंगाम चालू असताना खेळाडूच्या सरावाला आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे, आणि ही मर्यादा १९९१पासून नियमपुस्तकात कायम असली तरी मोठ्या विद्यापीठाचा खेळाडू आठवड्यातले वीसच तास खेळासाठी देतो, असे त्या क्षेत्रातले कोणीही गांभीर्याने म्हणत नाही. हे अंतर काही बेफिकीर प्रशिक्षकांनी नियम मोडल्यामुळे पडले, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. प्रत्यक्षात त्यातला फार मोठा भाग नियम पाळूनच भरला जातो. त्यामुळे या विषयाचा आढावा घेताना कोणी किती मिनिटे जास्त सराव घेतला याची मोजदाद दुय्यम ठरते, आणि न मोजलेल्या वेळात खेळाडूला नाही म्हणण्याची मुभा कितपत असते व ती मुभा नेमकी कोणाच्या हाती असते, हा प्रश्न मुख्य ठरतो.

येथे ज्या फुटबॉलचा विचार आहे तो मराठी वाचकाच्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. चेंडू हातात घेऊन पळणे, प्रतिस्पर्ध्याला अंगाने भिडून खाली पाडणे आणि त्यासाठी शिरस्त्राण व खांद्यांवर चिलखतासारखे पॅड घालणे, हे या अमेरिकी खेळाचे स्वरूप आहे, आणि त्यात प्रत्येक चाल आधी आखलेली असल्यामुळे मैदानावरच्या सरावाइतकाच वेळ बैठकांना आणि प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांची चित्रफीत पाहण्याला लागतो. या खेळाला विद्यापीठांमध्ये जे स्थान आहे त्याला भारतात समांतर उदाहरण नाही. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एका वेळी एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात, आणि अनेक राज्यांत सरकारी तिजोरीशी संबंधित सर्वाधिक वेतन घेणारी व्यक्ती ही राज्यपाल किंवा कुलगुरू नसून राज्य विद्यापीठाचा फुटबॉल प्रशिक्षक असते. या साऱ्या स्पर्धांचे नियमन १९०६मध्ये स्थापन झालेली एनसीएए ही विद्यापीठांची संघटना करते. म्हणजे नियम करणारे आणि ज्यांच्यावर ते लागू व्हायचे ते एकाच घरातले असतात.

तासांची मर्यादा आली ती १९८०च्या दशकातील अस्वस्थतेतून. विद्यापीठांच्या अध्यक्षांनी पुढाकार घेऊन करवलेल्या आणि १९८८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत असे आढळले की, फुटबॉल आणि बास्केटबॉलचे खेळाडू हंगामात आठवड्याला सुमारे ३० तास खेळाला देत होते, आणि हा वेळ वर्गात बसण्याला वा अभ्यासाला मिळणाऱ्या वेळापेक्षा अधिक होता. खेळाडू हा आधी विद्यार्थी आहे, या भूमिकेवर ज्या व्यवस्थेचा सारा डोलारा उभा होता त्या व्यवस्थेला हे निष्कर्ष अडचणीचे होते. जानेवारी १९९१मधील वार्षिक अधिवेशनात वीस तासांचा नियम संमत झाला : हंगामात दिवसाला जास्तीत जास्त चार तास, आठवड्याला वीस तास आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी; हंगामाबाहेर आठवड्याला फक्त आठ तास. मात्र ऑगस्टमध्ये वर्ग सुरू होण्यापूर्वी जे सराव शिबिर भरते त्याला ही साप्ताहिक मर्यादा लागू नाही.

खरी मेख मोजणीच्या पद्धतीत आहे. नियमानुसार मोजायचा असतो तो फक्त प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली किंवा त्यांच्या सांगण्यावरून होणारा सराव, बैठक, चित्रफितीचा अभ्यास आणि व्यायाम. सामन्याचा दिवस, तो सकाळच्या न्याहारीपासून रात्री उशिरापर्यंत चालला तरी, हिशेबात तीनच तासांचा धरला जातो. परगावी जाण्याचा प्रवास मोजला जात नाही. दुखापतीवरचे उपचार, घोटे आणि मनगटे पट्ट्यांनी बांधून घेणे, बर्फाच्या टबात बसणे, पत्रकारांना भेटणे, देणगीदारांच्या कार्यक्रमांना हजर राहणे, यांतले काहीही वीस तासांत येत नाही. शनिवारी परगावी सामना असेल तर खेळाडू शुक्रवारी सकाळी संघाच्या ताब्यात जातो आणि शनिवारी रात्री किंवा रविवारी पहाटे सुटतो. त्या दीड दिवसाची नोंद तक्त्यात सामन्याचे तीन तास आणि शुक्रवारची बैठक एवढीच होते. २०१७पर्यंत तर प्रवासाचा दिवस साप्ताहिक सुट्टीचा दिवस म्हणून दाखवता येत असे.

शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या खेळाडूंनी केन कोल्टर या क्वार्टरबॅकच्या, म्हणजे आक्रमणाची सूत्रे सांभाळणाऱ्या खेळाडूच्या, पुढाकाराने कामगार संघटना स्थापण्याची परवानगी मागितली, तेव्हा हा सारा हिशेब प्रथमच एका सरकारी यंत्रणेपुढे तपशीलवार मांडला गेला. राष्ट्रीय कामगारसंबंध मंडळाचे प्रादेशिक संचालक पीटर ओर यांनी मार्च २०१४मध्ये दिलेल्या निर्णयात खेळाडूंचा ऑगस्टमधील शिबिराचा आठवडा ५० ते ६० तासांचा आणि हंगामातील आठवडा ४० ते ५० तासांचा असल्याचे नमूद केले आणि हे खेळाडू कायद्याच्या दृष्टीने कर्मचारी ठरतात, असा निष्कर्ष काढला. ऑगस्ट २०१५मध्ये वरिष्ठ मंडळाने या प्रकरणात अधिकारक्षेत्र वापरण्याचेच नाकारले, त्यामुळे संघटना झाली नाही; पण तासांविषयीचे निष्कर्ष वस्तुस्थिती म्हणून कोणी खोडून काढले नाहीत. एनसीएएच्या स्वतःच्या पाहण्यांतही वरच्या गटातील फुटबॉल खेळाडूंनी आठवड्याला चाळीस तासांहून अधिक वेळ खेळाला जात असल्याचे वारंवार सांगितले आहे. नॉर्थवेस्टर्नमध्ये तर नियमभंगाचा आरोपही नव्हता, ही बाब येथे विशेष महत्त्वाची आहे.

न मोजलेल्या तासांतला सर्वांत मोठा वाटा ऐच्छिक सरावाचा असतो. सराव ऐच्छिक ठरण्यासाठी नियमाने चार अटी घातल्या आहेत : त्याची सुरुवात खेळाडूने स्वतः केलेली असावी, त्याबद्दल प्रशिक्षकाला काही कळवण्याचे बंधन नसावे, हजेरी घेऊन ती प्रशिक्षकाकडे पोहोचवली जाऊ नये आणि गैरहजर राहिल्याबद्दल शिक्षा किंवा हजर राहिल्याबद्दल बक्षीस नसावे. अटी काळजीपूर्वक लिहिलेल्या आहेत, यात शंका नाही. परंतु ज्या खोलीत त्या अमलात यायच्या ती व्यायामशाळा संघाची असते, तिथे उभा असलेला स्ट्रेंथ कोच म्हणजे शारीरिक तयारी करून घेणारा प्रशिक्षक बहुधा मुख्य प्रशिक्षकाने निवडलेला असतो, मुख्य प्रशिक्षक विद्यापीठ बदलतो तेव्हा तोही त्याच्याबरोबर जातो, आणि डेप्थ चार्ट, म्हणजे प्रत्येक जागेसाठी पहिला, दुसरा, तिसरा खेळाडू कोण हे दाखवणारा तक्ता, मुख्य प्रशिक्षकच लावतो. शिष्यवृत्तीचेही तसेच होते. १९७३पासून ती एका वर्षापुरती असे आणि दर वर्षी तिचे नूतनीकरण होई. सराव ऐच्छिक असल्याचे नियमाने सांगितले तरी पुढच्या वर्षीचे शिक्षणशुल्क ज्याच्या मतावर अवलंबून आहे त्याच्या व्यायामशाळेकडे पाठ फिरवणे एकोणीस वर्षांच्या मुलाला परवडणारे नव्हते. अशा स्थितीत हजेरी घेण्याची गरजच उरत नाही.

प्रशिक्षकाकडे पाहिले तर दडपणाचे दुसरे टोक दिसते. त्याला मिळणारा अवधी थोडा असतो, तीन-चार हंगामांत निकाल दिसले नाहीत तर करार मध्येच संपवला जातो, आणि खेळाडूंच्या भरतीपासून माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांपर्यंत सारे काही शनिवारच्या गुणफलकाशी बांधलेले असते. प्रतिस्पर्धी किती तास सराव घेतो हे त्याला कळत नाही. म्हणून तो अधिकच घेत असणार असे गृहीत धरूनच त्याला चालावे लागते. त्याशिवाय या खेळाच्या परंपरेने कठोर सरावाला दिलेला मान आहे. १९५४मध्ये टेक्सास ए अँड एमचे प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांनी जंक्शन या गावी, दुष्काळात करपलेल्या मैदानावर, दहा दिवसांचे शिबिर घेतले. सुमारे शंभर खेळाडूंपैकी शेवटी पस्तीसच्या आसपास टिकले. त्या वर्षी संघाने दहापैकी एकच सामना जिंकला, तरी दोन वर्षांनी मिळालेल्या विभागीय विजेतेपदामुळे ते शिबिर पुढे निर्धाराची दंतकथा म्हणून सांगितले गेले. जे मुलगे सोडून गेले त्यांच्या बाजूने ती कथा सहसा सांगितली जात नाही.

नियम आणि दडपण यांची गाठ सर्वांत स्पष्टपणे पडली ती मिशिगनमध्ये. देशात सर्वाधिक विजयांचा मान मिरवणाऱ्या या संघाने डिसेंबर २००७मध्ये वेस्ट व्हर्जिनियाहून रिच रॉड्रिगेझ यांना आणले. त्यांनी वेगवान, पसरट रचनेची आक्रमणपद्धती आणली आणि तिला लागणारी शारीरिक तयारी करून घेण्यासाठी आपला स्ट्रेंथ कोचही बरोबर आणला. जुन्या पद्धतीसाठी निवडलेले काही खेळाडू संघ सोडून गेले. २००८च्या पहिल्या हंगामात संघ ३ सामने जिंकला आणि ९ हरला. १९६७नंतरचा तो पहिला पराभूत हंगाम होता, एका हंगामात नऊ पराभव विद्यापीठाच्या इतिहासात कधी झाले नव्हते, आणि हंगामअखेरच्या निमंत्रित सामन्यात, ज्याला बोल म्हणतात, सलग ३३ वर्षे खेळण्याची परंपराही तुटली. टोलेडो या लहान विद्यापीठाकडून घरच्या मैदानावर १३–१० असा झालेला पराभव समर्थकांच्या विशेष जिव्हारी लागला.

दुसरा हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर, ३० ऑगस्ट २००९ रोजी, डेट्रॉइट फ्री प्रेस या वृत्तपत्राने आजी-माजी खेळाडूंशी बोलून, बहुतेकांची नावे गुप्त ठेवून, असे वृत्त दिले की संघात मर्यादेपेक्षा कितीतरी अधिक सराव घेतला जातो, सामन्यानंतरचे रविवार नऊ-नऊ तास फुटबॉलमध्येच जातात आणि ऐच्छिक म्हणवला जाणारा व्यायाम प्रत्यक्षात सक्तीचा असतो. दुसऱ्याच दिवशी पत्रकारांपुढे उभे राहिलेल्या रॉड्रिगेझ यांचे डोळे भरून आले. आपण नियम जाणतो आणि पाळतो, अशी त्यांची भूमिका होती. त्या हंगामाचे पहिले चार सामने संघाने जिंकले आणि अखेर ५ विजय व ७ पराभव अशी झाली. दरम्यान विद्यापीठाच्या अंतर्गत लेखापरीक्षणातून असे पुढे आले की, सरावाचे तास नोंदवण्याचे जे तक्ते दर महिन्याला भरायचे असतात ते फुटबॉल विभागाने २००८ आणि २००९च्या वसंतापर्यंतच्या काळात सादरच केले नव्हते. वेळेचा नियम पाळला गेला की नाही, हे ठरवण्याचा एकमेव कागद ज्या काळात गायब होता तोच काळ वादाचा होता.

एनसीएएने फेब्रुवारी २०१०मध्ये पाच गंभीर आरोपांची सूचना दिली. मे महिन्यात विद्यापीठाने स्वतःच बहुतेक चुका मान्य केल्या आणि स्वतःलाच शिक्षा लावून घेतली. सुमारे ६५ तास मर्यादेबाहेर गेले असल्याने त्याच्या दुप्पट, म्हणजे १३० तास, सरावातून कमी करायचे, ही त्यातली मुख्य तरतूद होती. जादा वेळेचा बराच भाग सरावाआधी अंग मोकळे करण्याच्या हालचाली हिशेबात न धरल्यामुळे झाला होता. दुसरा मोठा मुद्दा क्वालिटी कंट्रोल म्हणवल्या जाणाऱ्या कर्मचाऱ्यांचा होता : हे लोक कागदावर चित्रफितींची जुळवाजुळव आणि आकडेवारी सांभाळणारे, त्यांना प्रशिक्षण देण्याची मनाई, पण ते व्यायामाच्या आणि सरावाच्या वेळी हजर राहत, त्यामुळे प्रशिक्षकांच्या संख्येवरची मर्यादाही मोडली गेली होती. ४ नोव्हेंबर २०१०च्या अंतिम निर्णयात एनसीएएच्या समितीने तीन वर्षांची परिवीक्षा, म्हणजे देखरेखीखालची मुदत, लावली. मात्र नियमपालनाचे वातावरण निर्माण करण्यात रॉड्रिगेझ अपयशी ठरले, हा त्यांच्यावरचा सर्वांत जड आरोप सौम्य करून देखरेखीतली कसूर एवढ्यावर आणला. मिशिगनच्या फुटबॉलला गंभीर उल्लंघनाचा ठपका प्रथमच लागला होता.

या निकालाचे मूल्यमापन दोन्ही बाजूंनी घाईने झाले. प्रशिक्षकाच्या समर्थकांनी अंग मोकळे करण्याच्या काही मिनिटांवरून एवढे रान उठवले, अशी तक्रार केली, आणि मिनिटांच्या बाबतीत ती चुकीचीही नव्हती. टीकाकारांना ६५ तासांत नैतिक अधःपतन दिसले. पण खेळाडूंनी सांगितलेली मूळ गोष्ट निराळीच होती. आपल्याला नाही म्हणता येत नाही, ही त्यांची तक्रार होती, आणि ती तपासण्याचे साधन समितीच्या हाती नव्हते. सक्ती मोजण्याचा तक्ता नसतो, म्हणून चौकशी तक्ते आणि मिनिटे यांच्याकडे वळली. रॉड्रिगेझ यांचे पद या निर्णयामुळे गेले नाही, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. निर्णयाच्या वेळी क्रीडा संचालक डेव्हिड ब्रँडन यांनी त्यांची पाठराखणच केली आणि दोनच दिवसांनी संघाने इलिनॉयला तीन जादा डावांनंतर ६७–६५ असे हरवले. परंतु १ जानेवारी २०११ रोजी गेटर बोलमध्ये मिसिसिपी स्टेटकडून ५२–१४ असा पराभव झाला आणि चार दिवसांनी त्यांना काढून टाकण्यात आले. तीन वर्षांत १५ विजय, २२ पराभव आणि कट्टर प्रतिस्पर्धी ओहायो स्टेटकडून तिन्ही वेळा हार, एवढी कारणे पुरेशी होती. तासांच्या प्रकरणाने त्यांच्याभोवतीचा विश्वास आधीच पोखरला होता, हे खरे. पण जिंकणाऱ्या संघातले खेळाडू अशी तक्रार घेऊन वृत्तपत्राकडे जाण्याची आणि ती ऐकली जाण्याची शक्यता किती कमी असते, याचा विचार केला म्हणजे या नियमाची अंमलबजावणी गुणफलकावर किती अवलंबून आहे हे उमगते.

तासांच्या मोजणीत आणखी एक उणीव आहे, आणि ती अधिक भयंकर आहे. नियम कालावधी मोजतो. शरीरावर पडणारा ताण मोजत नाही. जानेवारी २०११मध्ये आयोवा विद्यापीठाचे १३ फुटबॉल खेळाडू सुट्टीनंतरच्या पहिल्याच कसरतींमुळे रुग्णालयात दाखल झाले. पाठीवर वजन घेऊन शंभर बैठका, त्याही घड्याळ लावून, अशा त्या कसरती होत्या, आणि त्यांतून स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतली द्रव्ये रक्तात मिसळतात व मूत्रपिंडांना धोका पोहोचतो असा, रॅब्डोमायोलिसिस नावाचा, विकार त्यांना जडला. आठ तासांच्या मर्यादेने ही कसरत अडवली नसती. मेरीलँड विद्यापीठात २९ मे २०१८ रोजी, म्हणजे हंगामाला तीन महिने असताना, ११० यार्डांच्या दहा धावा घेण्याच्या कवायतीत एकोणीस वर्षांचा जॉर्डन मॅकनेअर उष्माघाताने कोसळला. लक्षणे दिसल्यापासून रुग्णवाहिका बोलावेपर्यंत तासाहून अधिक वेळ गेला, शरीर थंड पाण्यात बुडवून तापमान उतरवण्याचा प्राणरक्षक उपाय केलाच गेला नाही, आणि १३ जून रोजी त्याचा मृत्यू झाला. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी ऑगस्टमध्ये कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी स्वीकारली. तरीही विश्वस्त मंडळाने ३० ऑक्टोबरला मुख्य प्रशिक्षक डी. जे. डर्किन यांना कायम ठेवण्याची शिफारस केली, आणि सार्वजनिक संताप उसळल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांना हटवावे लागले. एका मुलाच्या मृत्यूनंतर साडेचार महिने हा निर्णय अधांतरी राहावा, हे कोणत्याही शिक्षणसंस्थेला शोभणारे नव्हते.

अशा मृत्यूंतून जे नियम आले ते तासांच्या नियमापेक्षा अधिक उपयोगी ठरले आहेत, असे म्हणायला जागा आहे. २००१च्या उन्हाळ्यातील मृत्यूंनंतर, ज्यांत नॉर्थवेस्टर्नच्या रशीदी व्हीलरचा मृत्यू ऐच्छिक म्हणवल्या जाणाऱ्या कवायतीत झाला होता, २००३मध्ये शिबिराच्या आरंभी शरीराला उष्णतेची हळूहळू सवय होऊ देणारे पाच दिवस सक्तीचे झाले. २०१६मध्ये पाच मोठ्या विभागीय संघटनांनी संघाचे डॉक्टर आणि उपचारतज्ज्ञ यांना प्रशिक्षकाच्या दबावाबाहेरचा निर्णयाधिकार दिला. २०१७मध्ये एका दिवसात दोन कडक सराव घेण्याची प्रथा बंद झाली. या सर्व नियमांतले समान सूत्र असे की, ते प्रशिक्षकाच्या हातातली विशिष्ट सत्ता काढून घेतात, आणि ती कोणाकडे द्यायची हेही सांगतात. शिष्यवृत्तीच्या बाबतीतही हेच घडले : २०१२पासून ती अनेक वर्षांसाठी देता येऊ लागली आणि २०१५मध्ये मोठ्या संघटनांनी खेळातील कामगिरीच्या कारणावरून ती काढून घेण्यास मनाई केली. पुढे २०२१पासून खेळाडूला एक वर्ष बाहेर न बसता विद्यापीठ बदलता येऊ लागले. व्यायामशाळेतल्या सक्तीला या दोन बदलांनी जेवढा आळा घातला असेल तेवढा वीस तासांच्या तक्त्यांनी तीन दशकांत घातलेला दिसत नाही, कारण नाराज खेळाडूला आता जाण्याची वाट आहे आणि प्रशिक्षकाला ते ठाऊक आहे.

मात्र ही वाट सर्वांसाठी सारखी रुंद नाही. मागणी असलेला क्वार्टरबॅक सहज दुसरीकडे जातो; डेप्थ चार्टवर तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर असलेल्या, ज्याला कोणी बोलावत नाही अशा खेळाडूच्या बाबतीत प्रशिक्षकाचा शब्द पूर्वीइतकाच जड राहतो, आणि तासांच्या संरक्षणाची गरज खरे तर त्यालाच सर्वाधिक आहे. शिवाय काही बदल उलट दिशेनेही झाले आहेत. जून २०२४मध्ये एनसीएएने फुटबॉलमध्ये कोणते कर्मचारी प्रशिक्षण देऊ शकतात यावरचे बंधन उठवले. मिशिगनवरील आरोपपत्रातला एक प्रमुख भाग ज्या कृत्यावर आधारलेला होता ते कृत्य आता सरसकट वैध आहे. मैदानावर आणि व्यायामशाळेत लक्ष ठेवणाऱ्या डोळ्यांची संख्या त्यामुळे वाढली आहे, आणि ऐच्छिक सरावात आपण पाहिले जात नाही, असे मानणे खेळाडूला आणखी कठीण झाले आहे.

एनसीएएविरुद्धच्या दाव्यात जून २०२५मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी मान्य केलेल्या तडजोडीमुळे विद्यापीठांना खेळाडूंना थेट मोबदला देता येऊ लागला असून पहिल्या वर्षासाठी त्याची कमाल मर्यादा विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली. या मोबदल्याचा फार मोठा भाग फुटबॉलकडे जातो, आणि मोबदला घेणाऱ्या खेळाडूकडून अधिक वेळेची अपेक्षा ठेवणे प्रशिक्षकाला आता पूर्वीपेक्षा रास्त वाटू लागेल, यात नवल नाही. खेळाडूंना कर्मचारी मानण्याचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. डार्टमथच्या बास्केटबॉल संघाने मार्च २०२४मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी कामगार संघटनेच्या बाजूने कौल दिला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ती मागणी मागे घेतली गेली. त्यामुळे आज स्थिती अशी आहे की, पैशाची कमाल मर्यादा तडजोडीने ठरली, तासांची कमाल मर्यादा १९९१चीच राहिली, आणि त्या दोहोंचा एकत्र विचार करून आपल्या वतीने वाटाघाट करील असा अधिकृत प्रतिनिधी खेळाडूंपाशी नाही. सरावाच्या तासांचा मासिक तक्ता अजूनही ज्या विभागाची तपासणी व्हायची त्याच क्रीडा विभागातून भरला जातो.